माझा तक्ता आणि वामन नाना

वामन नानांची आणि माझी पहिली भेट म्हणजे एक भांडण होतं. ते त्यांना कधीच आठवलं नाही, कारण त्यांच्या लेखी ते भांडण नव्हतंच.

एरंडोलजवळच्या एका खेड्यात आमच्या हॉस्पिटलमधल्या नर्सचं लग्न होतं. आंब्यांच्या सावलीत पंगत बसली होती. समोर केळीचं पान, पानावर वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी. तीन बट्ट्या झाल्यावर मी पानावर आडवा हात धरला. तेवढ्यात तुपाचं भांडं घेऊन एक गृहस्थ समोर येऊन उभे राहिले. अंगानं एवढे अवाढव्य, की त्यांच्यामागची अर्धी पंगत मला दिसेनाशी झाली. मी म्हटलं, "नको, खरंच नको." ते हसले आणि माझ्या बोटांच्या फटींतून त्यांनी तुपाची धार सोडली. मी दचकून हात मागे घेतला, आणि मोकळ्या झालेल्या जागेत चौथी बट्टी येऊन पडली.

"मना हातनी एक," म्हणजे माझ्या हातची एक, असं म्हणून ते पुढच्या पानाकडे वळलेसुद्धा.

"अहो, ही काय जबरदस्ती!" मी चांगली मोठ्यानं म्हणाले. पंगत हसली. शेजारच्या आजीबाईंनी माझी समजूत घातली, "वामन नाना शेतस ते. त्यांच्यापुढे हात नाही धरायचा, पोरी."

मी मूळची धुळ्याची आणि पेशानं आहारतज्ज्ञ. लोकांच्या ताटातलं काढून घेणं हेच माझं काम, आणि त्या कामात मी फटकळ म्हणून प्रसिद्ध आहे. ती बट्टी मी रागारागानं खाल्ली. खोटं कशाला सांगू, चांगली होती.

त्यानंतर दोनेक वर्षांनी नाना माझ्या खोलीत आले. जळगावच्या आमच्या हॉस्पिटलात जिन्याखाली माझी खोली आहे. टेबलावर प्लास्टिकची पोळी, प्लास्टिकचं केळं, प्लास्टिकचं अंडं असा माझा संसार मांडलेला असतो. नानांनी आधी ते केळं बोटानं दाबून पाहिलं आणि नाराज होऊन जागेवर ठेवलं. समोरच्या खुर्चीत ते मावेनात, म्हणून बाहेरचं बाकडं आत आणावं लागलं. मी त्यांना ओळखलं. मनात म्हटलं, आता आलात ना माझ्या पंगतीला, बसा.

बरोबर त्यांची मुलगी होती, सरिता. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, एका शाळेत शिकवणारी. चेहरा पिवळट, अंगावर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा ड्रेस, सुयांच्या खुणा झाकणारा. तिला डायलिसिस सुरू आहे हे मला बघताक्षणीच कळलं. मी फाइल तिचीच समजून हात पुढे केला.

"फाइल बाबांची आहे," ती म्हणाली.

मग दोघांनी मिळून सांगितलं. सरिताच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. आईला जुना मधुमेह, भावाचा रक्तगट जुळेना. जुळत होते ते एकटे नाना. पण नानांचं वजन एकशे बावीस किलो, आणि नाशिकच्या किडनीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की नव्वदच्या खाली आल्याशिवाय यांना टेबलावर घेणार नाही. चालून, उपास करून, काढे पिऊन वर्ष गेलं आणि चार किलो उतरले. तेव्हा आमच्या सर्जननी जठर लहान करण्याच्या ऑपरेशनचा मार्ग सुचवला. आधी त्या ऑपरेशनची तयारी, मग ऑपरेशन, मग पुढचे महिने काय खायचं आणि काय नाही, हे सगळं माझ्या पदरात आलं होतं.

"आणि हे बाहेर कुठे बोलायचं नाही," सरिता म्हणाली. "मला बघून लोकांनी चुकचुकलेलं मला नको आहे. शाळेत माहीत नाही, गावात माहीत नाही. बाबांनी शब्द दिलाय."

नानांनी मान डोलावली.

मी माझा तक्ता काढला. ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे पोळी, भाकरी, भात, साखर, गूळ, केळी, बटाटा, साबुदाणा, सगळं बंद. चरबीनं फुगलेलं यकृत त्यानं आक्रसतं आणि सर्जनला आत काम करायला जागा मिळते. नानांनी तो कागद लांब धरून वरपासून खालपर्यंत वाचला, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

"ताई, यामा जेवन कोठे शे?"

मी हसले नाही. खरं तर मला बोटांच्या फटीतलं तूप आठवत होतं आणि थोडं बरंही वाटत होतं. आज त्याची लाज वाटते.

पुढच्या भेटीला नाना पिशवीतून सात छोट्या पुरचुंड्या घेऊन आले आणि एकेक सोडून त्यांनी माझ्या टेबलावर मांडल्या. तूर, मूग, मसूर, हरभरा, उडीद, मठ आणि कुळीथ. एका डाळमिलमध्ये ते तीस वर्षं मुकादम होते. मिलच्या गच्चीवर वाळत घातलेल्या तुरीतला एक दाणा ते दाढेखाली धरत, आणि तो कसा फुटतो त्यावरून माल आत घ्यायचा की आणखी एक ऊन द्यायचं ते ठरत असे. "डाळ डोळ्यानं नाही, दातानं बघायची," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मिलमध्ये यंत्र आलं तरी मालक आधी नानांच्या तोंडाकडे बघायचे, असं सरितानं मला सांगितलं होतं.

"भाकरी सोडली, बट्टी सोडली," नाना म्हणाले. "डाळ तेवढी ठेवा. डाळीत प्रोटीन असतं, असं तुमच्याच भिंतीवर लिहिलंय."

लिहिलेलं होतं खरं. मी त्यांना शाळेतल्या बाईंसारखं समजावलं की डाळीत प्रोटीन असतंच, पण जितकं प्रोटीन त्याच्या दुपटीहून जास्त पिष्ट असतं, आणि ऑपरेशननंतर तुमच्या पोटात जेमतेम अर्धी वाटी मावणार. त्यातली जागा पिष्टानं अडवून चालणार नाही. आधी पनीर, चक्का, अंड्याचं पांढरं, सोयाबीन. मग भाजी. त्यातूनही जागा उरली तर चार चमचे मुगाचं घट्ट वरण. भाकरीचा विचार त्यानंतर. आणि नुसतं वरणाचं पाणी पिऊन ताकद येते हे डोक्यातून काढून टाका.

नाना एकेक पुरचुंडी बांधायला लागले. त्यांच्या जाड बोटांना त्या गाठी पटकन जमत नव्हत्या.

"म्हणजे तीस वरीस मी लोकांना पिष्टच खाऊ घातलं?"

सरितानं वातावरण सैल केलं. "मला तरी कुठे मिळतं वरण?" ती म्हणाली. डायलिसिसच्या रोग्याला डाळीतले क्षार झेपत नाहीत. तिच्यासाठी डाळ उकळून ते पाणी फेकून द्यायचे आणि उरलेल्यातून तीन चमचे वाटीच्या तळाशी घालायचे. डाळमिलच्या मुकादमाच्या घरात दोन वर्षं हे चाललं होतं. "बरं झालं बाबा, आता दोघं मिळून वरणाकडे बघत बसू," असं म्हणून ती हसली. नाना हसले नाहीत.

अंड्याचा प्रश्न निराळाच होता. काकूंच्या म्हणजे नानांच्या पत्नीच्या स्वयंपाकघरात अंडं कधी आलं नव्हतं, आणि सरितालाही अंड्याचं पांढरंच खायला सांगितलेलं होतं. ती शाळेशेजारच्या गाडीवर कसंबसं खाऊन यायची. नानांनी गॅलरीत जुना स्टोव्ह मांडला आणि एक वेगळं पातेलं घेतलं. रोज सकाळी स्वतः अंडी उकडायची, सोलायची, पांढरं दोन बश्यांत सारखं वाटायचं आणि पिवळं शेजारच्या मांजरीला. बाप-लेक गॅलरीत पाय पसरून खात बसत. दुसऱ्या आठवड्यात एके सकाळी गॅलरीच्या उंबऱ्यावर मिरपुडीची वाटी ठेवलेली दिसली. काकूंनी ती ठेवली होती. हे नानांनी मला दोनदा सांगितलं.

ऑपरेशन नीट झालं. मग आमचे चमच्यांचे दिवस सुरू झाले. आधी घोट घोट पातळ, मग गाळलेलं, मग मऊ. नानांनी मिलमधली मालाचा नमुना घ्यायची छोटी वाटी घरी आणली होती. तेवढंच त्यांचं जेवण. मी सांगितलं होतं, घास तोंडातच पातळ झाला पाहिजे, त्याशिवाय गिळायचा नाही. एकदा पनीरचा तुकडा चघळता चघळता ते थांबले आणि म्हणाले, "ताई, गंमत बघा. मी दातानं पारख करणारा माणूस. पण स्वतःचं जेवण मी या वयापर्यंत चावलंच नव्हतं." वजन उतरत होतं. दर खेपेला सरिता माझ्या वहीत डोकावून आकडा बघायची आणि नव्वदपर्यंत किती उरले ते बोटांवर मोजायची.

लग्नसराई आली तेव्हा मला धास्ती होती. नानांनी मात्र त्यावर तोड काढली होती. वाढणारा माणूस शेवटी जेवतो, आणि शेवटी कोण किती जेवलं ते कोणी बघत नाही. ते मांडवात शिरले की आधी तुपाचं भांडं हातात घेत. पंगतीवर पंगती उठत, नाना वाढत राहत. मग सगळे पांगले की खिशातल्या डबीतलं पनीर काढून एका कोपऱ्यात सावकाश खात. लोक म्हणायचे, नाना वाळले, साखर झाली असेल. नाना हो म्हणायचे. दोन लग्नं अशी निभावली. मला ही युक्ती इतकी आवडली, की मी ती दुसऱ्या दोन पेशंटना सांगितली.

ऑपरेशनला दोन महिने होत आले होते. धुळ्याला नानांच्या व्याह्यांच्या नव्या घराची वास्तुशांत होती. मुलाचे सासरे, त्यामुळे जाणं भाग; सुनेनंही माहेरी काही कळू दिलं नव्हतं. नानांनी नेहमीप्रमाणे तुपाचं भांडं उचललं, पण व्याह्यांनी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. "आज तुम्ही आमचे पाहुणे. आज आम्ही वाढू." पाटावर बसवलं, पान मांडलं. आमच्याकडे व्याह्याला हातानं घास भरवल्याशिवाय पंगत सुरू झाल्यासारखी वाटत नाही. बट्टी तुपात कुस्करून व्याह्यांनी घास पुढे केला. नानांनी हात जोडले. सगळे हसले. नानांनी तोंड फिरवलं, तर दुसऱ्या बाजूनं मुलाच्या सासूबाई पुढे झाल्या. "मना हातना एक," त्या म्हणाल्या. ऑपरेशन झालंय, एवढं एक वाक्य बोललं असतं तर सुटका होती. पण मग कसलं ऑपरेशन, कशासाठी, हे आलं असतं, आणि मुलीला शब्द दिलेला. नानांनी एक घास घेतला. मग दुसरा, व्याह्यांचा मान म्हणून.

ते दोन्ही घास अडकले. नानांना पाण्याचा घोटही उतरेना, सारख्या ओकाऱ्या. आणि या माणसानं दोन दिवस धुळ्यात पित्त झालंय म्हणून काढले, कारण व्याह्यांच्या शुभकार्याला गालबोट नको. तिसऱ्या दिवशी जळगावला आणलं तेव्हा ओठांना भेगा पडलेल्या, डोळे खोल गेलेले. सर्जननी दुर्बिणीतून तो गोळा काढला, सलाईन लावलं. खरा घाव दुसऱ्या दिवशीच्या रिपोर्टात होता. अंगातलं पाणी गेल्यामुळे नानांच्याच किडन्यांना धक्का बसला होता. नाशिकहून फोन आला की आता तीन महिने थांबायचं, पुन्हा सगळ्या तपासण्या करायच्या, आणि किडनी घेण्याजोगी राहिली आहे की नाही ते तेव्हा बघू.

मी त्यांच्या खाटेशी गेले आणि जे बोलायला नको होतं ते बोलले. "दोन घासांसाठी, नाना? मुलीचा जीव दोन घासांवर लावलात?"

ते छताकडे बघत म्हणाले, "ताई, त्या माउलीनं माझंच वाक्य मला ऐकवलं. तीस-चाळीस वरीस मी लोकांना असंच भरवत आलो. कोणाला साखर असेल, कोणाचं ऑपरेशन झालं असेल, कोणी माझ्यासारखा शब्दात बांधलेला असेल. एकानंही नको म्हटलेलं मला कधी ऐकू आलं नाही."

माझा सगळा राग उतरला. त्या पंगतीत मी केलेल्या भांडणाची गोष्ट मी त्यांना सांगणार होते, ती मी गिळून टाकली. एखाद्याचं शिकायचं ते शिकून झालं असेल तर त्याच्या जखमेवर आपला तक्ता ठेवू नये, एवढं मला त्या खाटेशी कळलं.

सरिता दाराशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं फोन काढला आणि आमच्या समोरच धुळ्याला लावला. "काका, सरिता बोलतेय. माझ्या दोन्ही किडन्या गेल्यात. बाबा मला त्यांची देणार आहेत. त्यासाठीच त्यांनी पोटाचं ऑपरेशन करून घेतलंय. यापुढे त्यांना कोणी भरवायचं नाही. सगळ्यांना सांगा." तिचा आवाज वर्गात बोलावा तसा स्वच्छ होता. फोन ठेवल्यावर नानांनी तिचा हात आपल्या सलाईन लावलेल्या हातात धरला.

दुसऱ्या दिवशी व्याही पहिल्या बसनं आले. नानांच्या खाटेच्या पायथ्याशी बसून राहिले. त्यांच्या खांद्यावरचं उपरणं एकसारखं डोळ्यांना लागत होतं. नानाच शेवटी म्हणाले, "तुमनी चूक नही शे, व्याही. आपली रीतच तशी शे."

ते तीन महिने मी विसरणार नाही. या काळात सरिताला दोनदा ताप आला, दोन्ही वेळा ती दाखल झाली. आता शाळेत माहीत झालं होतं, आणि तिला वाटलं होतं तसं कोणी चुकचुकलं नाही. मुलं तिच्यासाठी वर्गात खुर्ची उन्हातून सावलीत सरकवायची. नाना आठवड्यातून एकदा माझ्याकडे येत. चपला, घड्याळ, किल्ल्या काढून ठेवायचे आणि वजनकाट्यावर चढायचे. घोटाघोटानं पाणी किती प्यायलं हे ते घरी भिंतीवर खडूनं रेघा ओढून मोजत. ज्या दिवशी काट्यावर एकोणनव्वद आलं, त्या दिवशी ते खाली उतरले, काटा शून्यावर येऊ दिला आणि पुन्हा चढले. मिलमध्ये पोतं दोनदा तोलायची सवय. आकडा तोच आला. "आता नाशिकला फोन लावा," ते म्हणाले. त्याच आठवड्यात रक्ताचा रिपोर्टही स्वच्छ आला. मी माझ्या खोलीचं दार लावून घेऊन रडले, आणि मग पुढच्या पेशंटवर उगीचच खेकसले.

नाशिकला दोघांची ऑपरेशनं झाली. नानांची किडनी सरिताच्या अंगात पहिल्याच दिवशी चालायला लागली, हे मला काकूंनी फोनवर सांगितलं. काकूंनी मला केलेला तो पहिला फोन.

नानांना मी शेवटचं पाहिलं ते त्यानंतर वर्षानं. त्यांनी मिल सोडली होती आणि एरंडोलजवळच्या त्याच खेड्यात, आपल्या गावी, राहायला गेले होते. त्यांनी थोड्याच माणसांना जेवायला बोलावलं होतं, मी त्यांतली एक. त्याच आंब्यांखाली पंगत बसली. नाना आता मध्यम चणीचे, गालांची कातडी सैल झालेली. त्यांच्या मागची पंगत मला आता आरपार दिसत होती.

तूप घेऊन ते माझ्यासमोर आले आणि थांबले. "वाढू का?" मी म्हटलं, "थोडं." त्यांनी थोडंच वाढलं. व्याह्यांनी पानावर हात धरला, तर नाना मान लववून पुढे गेले. पंगत शांत होती. कोणालाच त्याची सवय नव्हती.

मग ते वरणाची बादली घेऊन सरितासमोर आले. तिच्या पानात बट्टी अर्धीच होती, तेवढ्याचीच मी तिला परवानगी दिली होती. वरणाला मात्र आता तिला मनाई नव्हती. नानांनी जुन्या सवयीनं वाटीच्या तळाशी तीन चमचे घातले. सरितानं ते प्यायलं, वाटी पुसून घेतली आणि वर धरली.

"बाबा, अजून."

नाना जागचे हलले नाहीत. ज्यांनी नको म्हटलं त्यांच्या पानात हा माणूस आयुष्यभर वाढत आला होता. 'अजून' म्हटल्यावर काय करायचं ते त्यांना क्षणभर कळलं नसावं. मग त्यांनी ओगराळं बादलीत बुडवलं, वाटी काठोकाठ भरली, आणि ती 'बस' म्हणेल म्हणून ओगराळं तसंच धरून तिच्यासमोर उभे राहिले. सरितानं वाटी तोंडाला लावली. बस ती म्हणाली नाही.